भाऊजींना न येणारं यंत्र

बुटाच्या लेसच्या टोकाला जी इवलीशी प्लास्टिकची नळी असते तिला काय म्हणतात, हे कोणालाच माहीत नसतं आणि माहीत नसल्यामुळे कोणाचं काही अडतही नाही. लेसवाले म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एका गृहस्थांचं मात्र सगळं घरदार त्या नळीपाशी येऊन अडलं होतं. ते तिला टोपण म्हणत. लेस विणणं हा त्यांच्या डाव्या हातचा मळ. त्यांच्या कारखान्यात, म्हणजे टायरच्या दुकानामागच्या एका लांबट खोलीत, जिला कारखाना म्हणायची परवानगी त्यांनी स्वतःच स्वतःला देऊन टाकली होती, विणायची यंत्रं दिवसभर गरागरा फिरायची आणि शेपटासारख्या लांबलचक लेस सोडत राहायची. टोपणं मात्र हातानं व्हायची. टोक डिंकात बुडवायचं, अंगठ्यानं पिळायचं आणि दोरीवर वाळत घालायचं. वाळलं की ते काठीसारखं ताठ व्हायचं आणि दुसऱ्या दिवशी त्याची केरसुणी व्हायची.

बुटांच्या मोठ्या कंपनीतल्या खरेदी अधिकाऱ्यानं नमुना हातात घेऊन फार सभ्यपणे सांगितलं होतं, "लेस उत्तम आहे हो. फक्त ती भोकातून जात नाही."

लेसच्या बाबतीत हा दोष किरकोळ म्हणता येत नाही.

तेव्हा लेसवाल्यांनी परदेशातून टोपणं बसवायचं यंत्र मागवलं. घरातला फ्रिज पुढल्या वर्षावर गेला, दहावीतल्या मुलीचा लॅपटॉप अनिश्चित काळावर गेला, आणि बायकोनं जे काही म्हणायचं होतं ते न म्हणता नुसते डबे आपटले. यंत्र बोटीत बसून शहाण्यासारखं बंदरात येऊन पोचलं. आता एवढं लांबून आलेलं यंत्र घरी यायला किती वेळ लागावा? तर क्लिअरिंग एजंटनं कस्टम ड्यूटीचा आकडा एका चिठ्ठीवर लिहिला, चिठ्ठी उलटी केली आणि टेबलावरून हळूच पुढे सरकवली. असं फक्त वाईट बातमी देणारे डॉक्टर करतात.

लेसवाल्यांनी चिठ्ठी वाचली आणि पाणी मागितलं.

"घाबरू नका, होऊन जाईल," एजंट म्हणाला. हा माणूस प्रत्येक गोष्टीला 'होऊन जाईल' म्हणायचा. कसं, कधी आणि कोणाकडून, हे प्रश्न तो इतरांसाठी राखून ठेवायचा. "कारखान्याच्या यंत्रांना ड्यूटीत सवलत असते. जवळजवळ माफच. अट एवढीच, की तसलं यंत्र आपल्या देशात बनत नाही असं पत्र हवं. यंत्र बनवणाऱ्यांच्या संघाचं. अध्यक्षांच्या सहीनं."

"मग सोपं आहे," लेसवाले म्हणाले.

"सोपंच आहे. अध्यक्ष कोण आहेत सध्या?"

लेसवाल्यांनी पुन्हा पाणी मागितलं.

अध्यक्ष होते भाऊजी. म्हणजे लेसवाल्यांच्या थोरल्या बहिणीचे यजमान. भाऊजींचा यंत्रांचा कारखाना हा खरोखरचा कारखाना होता. त्याला फाटक होतं, फाटकाला रखवालदार होता आणि रखवालदाराला शिट्टी होती. भाऊजी बाटल्यांना बूच लावायची यंत्रं बनवत आणि आपल्याला बनवता येत नाही असं एकही यंत्र अजून जन्माला आलेलं नाही असं मनापासून मानत. शिवाय लेसवाल्यांच्या धंद्याकडे ते एखाद्या लहान मुलाच्या आजाराकडे पाहावं तसे प्रेमानं पाहत. घरी जेवायला आले की वाढून घेता घेता म्हणत, "अरे, आमच्याकडे स्टोअरकीपरची खुर्ची रिकामी आहे. गोल फिरते. नाड्याबिड्या पुरे झाल्या आता." आणि ताई डोळे वटारून म्हणत, "विचार कर रे." ड्यूटी भरायला पैसे नव्हते. यंत्र सुटलं नाही तर बुटांची कंपनी गेली, कंपनी गेली की लांबट खोली गेली, आणि मग ती गोल फिरणारी खुर्ची. लेसवाल्यांना आताशा स्वप्नात ती खुर्ची दिसायची. ती त्यांच्याकडे तोंड करून आपोआप वळायची.

बातमी इमारतीत पसरली. वरच्या मजल्यावर एक गृहस्थ राहत. नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी सल्ला द्यायचं काम पूर्ण वेळ हाती घेतलं होतं आणि सगळे त्यांना सल्लागारच म्हणत. ते जिन्यातच लेसवाल्यांना गाठून म्हणाले, "यंत्र म्हणायचंच नाही. खेळणं म्हणायचं. खेळण्यांना ड्यूटी कमी असते."

"ते माझ्या कमरेएवढं उंच आहे, आणि त्यात तापलेला साचा आहे."

"मोठ्या मुलांचं खेळणं म्हणा."

शेजारच्या काकूंचं मत वेगळं होतं. त्यांनी परवाच एक तवा परत केला होता. "पसंत नाही म्हणून परत पाठवून द्या. घेऊन जातात की घरी येऊन, काही विचारत नाहीत." सल्लागार म्हणाले, बोट परत गेली असेल. काकू म्हणाल्या, मग पुढच्या बोटीनं. दोघांमध्ये बोटींच्या वेळापत्रकावरून असा वाद जुंपला की लेसवाले मधून कधी निघून गेले हे दोघांनाही कळलं नाही.

शेवटी लेसवाले सगळा मानापमान खिशात घालून भाऊजींच्या केबिनमध्ये गेले. भाऊजींनी विनंती शेवटपर्यंत ऐकली. मग चष्मा काढला. मग पुसला. मग लावला.

"म्हणजे मी असं लिहून द्यायचं, की मला हे येत नाही."

"तुम्हाला नाही हो भाऊजी. देशात कोणालाच."

"देशात मी येत नाही का?"

लेसवाल्यांनी इथेही पाणी मागितलं.

"अरे, नाडीला टोपी घालायचं यंत्र," भाऊजी अत्यंत दुखावलेल्या सुरात म्हणाले. "मी बाटल्यांना बुचं घालतो. बाटली म्हणजे काचेची वस्तू आहे, फुटते. नाडी कुठे फुटते? उद्या संघातले लोक म्हणतील, अध्यक्षांना नाडी जमली नाही."

"पण तुम्ही बनवत नाही ना ते?"

"बनवत नाही आणि बनवता येत नाही ह्यात फरक आहे. चहा घे."

लेसवाल्यांनी चहा घेतला. सही मिळाली नाही. निघताना भाऊजींनी आठवणीनं स्टोअर दाखवलं. खुर्ची खरंच छान होती.

घरी येऊन त्यांनी ही हकिकत सांगितली तेव्हा मुलगी भूमितीचा गृहपाठ करत होती. तिनं मान वर न करता म्हटलं, "मग आतोबांना येत नाही असं लिहूच नका. त्यांना असली फालतू कामं करायला वेळ नाही असं लिहा. सरकारला काय, यंत्र बनत नाही एवढंच हवंय ना?"

आईबाबांनी एकमेकांकडे पाहिलं. लॅपटॉप न मिळालेल्या मुलीचं डोकं इतकं चालतं, तर मिळाला असता तर काय झालं असतं, हा विचार दोघांनीही ताबडतोब दाबून टाकला. मुलीनं वहीचं पान फाडून मसुदा लिहून दिला: "सदर यंत्र अतिशय क्षुल्लक स्वरूपाचे असल्यामुळे आमच्या संघाचा एकही प्रतिष्ठित सदस्य ते बनवत नाही व बनवण्याचा विचारही करत नाही."

भाऊजींनी पत्र दोनदा वाचलं. "प्रतिष्ठित" ह्या शब्दापाशी ते थोडे थांबले, जसा माणूस आवडत्या बाकापाशी थांबतो. "हे ठीक आहे," ते म्हणाले आणि अशी झोकदार सही ठोकली की शाईचा शिंतोडा शिक्क्यावर गेला. लेसवाले घरी आले, त्यांनी मुलीच्या डोक्यावर हात ठेवला, आणि त्या संध्याकाळी घरात डबे आपटले गेले नाहीत.

कस्टमच्या कचेरीतल्या मॅडम फार नम्र होत्या. नम्र अधिकाऱ्यांपासून नेहमी सावध राहावं. ओरडणारे निदान दमतात. मॅडमनी पत्र वाचलं, हसल्या आणि म्हणाल्या, "पत्र अगदी छान आहे. बनत नाही हे स्पष्ट आहे."

"हो मॅडम."

"फक्त ही सवलत प्रगत यंत्रांसाठी असते. आणि इथे तुमच्याच संघानं हे यंत्र अतिशय क्षुल्लक आहे असं प्रमाणित केलंय. क्षुल्लक यंत्रांना पूर्ण ड्यूटी लागते." त्यांनी पत्र परत दिलं. "नवीन पत्र आणा. त्यात लिहा, की यंत्र फार प्रगत आहे आणि देशात कोणालाही बनवता येत नाही. पाणी हवंय का तुम्हाला?"

दाराबाहेर एजंट उभाच होता. "होऊन जाईल," तो म्हणाला. लेसवाल्यांनी त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की तो दोन पावलं मागे सरला.

आता भाऊजींपुढे जाऊन असं म्हणायचं होतं, की काल जे तुमच्या प्रतिष्ठेला शोभत नव्हतं ते आज तुमच्या कुवतीबाहेर गेलं आहे. हे नाजूक काम फोनवर करू नका, समोर जाऊन करा, असं बायकोनं बजावलं. लेसवाल्यांनी ते फोनवर केलं.  पलीकडून भाऊजींचा आवाज आला, अगदी शांत. "प्रगत काय. मला येत नाही काय. बरं." आणि फोन ठेवला गेला.

भाऊजींचं 'बरं' ज्यांनी ऐकलंय त्यांना पुढचं सांगायची गरज नाही. पण बाकीच्यांसाठी सांगायला हवं, की त्यांनी दुसऱ्याच दिवशी थेट कस्टमच्या कचेरीला कळवलं: सदर यंत्र आमच्या कारखान्यात बनत आहे, येऊन पाहावे. मॅडमनी तितक्याच नम्रपणे उत्तर दिलं, की त्या येतील. अर्जदारानंही हजर राहावं. चाचणीत यंत्र चाललं, तर ते देशात बनतं असं धरण्यात येईल आणि सवलतीचा प्रश्न मिटेल.

"माझाच मेहुणा," लेसवाले भिंतीकडे पाहून म्हणाले, "माझंच यंत्र बनवून मलाच बुडवणार."

"आणि मग बुडालेल्याला नोकरी देणार," बायको म्हणाली. "वाईट मनाचे नाहीत हो ते. म्हणून तर जास्त राग येतो."

ताईंचे फोन येऊ लागले. भाऊजी जेवत नाहीत. भाऊजींनी घरातली इस्त्री उचलून नेली. भाऊजींनी शिलाई मशीनचा पायानं दाबायचा पायटा काढून नेला, आता अर्धवट शिवलेला पडदा लटकतोय. भाऊजी सकाळी उठून स्वतःच्या बुटांच्या लेस काढून खिशात घालतात आणि कारखान्यात सपाता घालून जातात. रखवालदार शिट्टी वाजवायची की नाही ह्या संभ्रमात पडतो. "तुझ्या एका नाडीपायी," ताई म्हणाल्या, "माझा संसार उसवत चाललाय."  लेसवाल्यांना मनातून एकच आशा होती, की भाऊजींना ते जमू नये. स्वतःच्या बहिणीच्या नवऱ्याचं वाटोळं व्हावं अशी इच्छा धरणं वाईटच. पण ती त्यांनी अगदी थोडी, चाचणी संपेपर्यंत पुरेल एवढीच धरली होती.

चाचणीच्या दिवशी भाऊजींच्या कारखान्यात संघाचे झाडून सगळे सदस्य जमले. इस्त्रीचे कपडे घालून आले होते. भाऊजी सोडून, कारण त्यांची इस्त्री यंत्रात होती. यंत्र एका टेबलावर होतं आणि त्यावर चादर होती. लेसवाले बायकोसह एका बाजूला उभे राहिले. एजंट कानाशी लागून म्हणाला, "तुम्ही फक्त गप्प उभे राहा. बाकी होऊन जाईल." पहिल्यांदाच त्याच्या बोलण्यात अर्थ होता.

भाऊजींनी चादर ओढली. खाली इस्त्री उलटी ठेवली होती, तिच्यावर पितळी साचा होता, सायकलच्या ब्रेकचा दांडा होता, आणि सगळ्याला चालवायला ताईंचा पायटा. मॅडमनी वही उघडली. भाऊजींनी लेस खोचली, तिच्यावर प्लास्टिकची पट्टी गुंडाळली आणि पायटा दाबला. धूर निघाला. लेस बाहेर आली तेव्हा तिला टोक नव्हतं. होतं ते इस्त्रीला चिकटलं होतं.

मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं. लेसवाल्यांच्या छातीवरचं ओझं अर्धं उतरलं.

दुसऱ्या खेपेला टोपण आलं खरं, पण ते नखासारखं चपटं होतं. तिसऱ्या खेपेला पट्टी लेसवर बसण्याऐवजी भाऊजींच्या बाहीवर बसली आणि तिथे इतकी पक्की बसली की अशी लेसवर बसती तर जन्माचं कल्याण झालं असतं. सदस्यांपैकी कोणीतरी खोकल्याचं निमित्त करून हसलं. मॅडम लिहीत होत्या. दोन मिनिटं गप्प राहिलं की यंत्र सुटलं, कंपनी मिळाली, खोली वाचली. बायकोनं लेसवाल्यांचं कोपर घट्ट धरलं होतं, कारण तिला तिचा नवरा माहीत होता.

पण लेसवाल्यांचं लक्ष मॅडमकडे नव्हतंच. त्यांना लेस दिसत होती. ती चुकीच्या बाजूला पिळली जात होती. इस्त्री सुतीवर होती; प्लास्टिकला इतकी ऊब कोण देतं? त्यांची बोटं आपोआप वळवळू लागली. आणि मग त्यांना भाऊजींचा हात दिसला. ब्रेकचा दांडा सोडून तो खिशातून स्वतःच्या बुटाची लेस बाहेर काढत होता. मागे ताई उभ्या होत्या आणि ज्या बाईनं उभ्या जन्मात भावाला आपल्यासमोर मान वर करू दिली नव्हती, ती जमिनीकडे पाहत होती.

"भाऊजी," लेसवाले म्हणाले, "इस्त्री रेशमावर घ्या."

बायकोनं कोपर सोडलं आणि डोळे मिटले.

एकदा तोंड उघडल्यावर काय, हात मागे थोडाच राहणार? लेसवाले पुढे झाले, लेस उलट्या बाजूनं पिळली, साच्याच्या तोंडाशी अंगठा लावला आणि म्हणाले, "आता दाबा. हळू. सोडा." साच्यातून लेस बाहेर आली. टोकाला टोपण होतं. गोल, गुळगुळीत, घट्ट. लेसवाल्यांनी ते उजेडात धरून फिरवून पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं की संघाच्या सदस्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबल्यावर त्यांना आठवलं, की आपण कशासाठी आलो होतो.

"यंत्र चाललं," मॅडम म्हणाल्या.

"चाललं," भाऊजी म्हणाले. 

एजंट 'होऊन गेलं' असं पुटपुटला. त्याच्याकडे दुसरं वाक्यच नव्हतं.

"एकदा पुन्हा करता?" मॅडम म्हणाल्या. "ह्या वेळी ह्यांना बाजूला उभं करून."

लेसवाले बाजूला झाले. धूर निघाला. मॅडमनी त्यांना परत बोलावलं. टोपण आलं. बाजूला, धूर. परत, टोपण. असं करता करता मॅडमनी पेन खाली ठेवलं. "अंगठा दाखवा बरं."

लेसवाल्यांनी दाखवला. वर्षानुवर्षं डिंकाची टोकं पिळून त्याला एक खोबण पडली होती, लेसच्या मापाची, आणि तिथली कातडी अशी निबर झाली होती की साचा तिला चटका देऊ शकत नव्हता. मॅडमनी चष्म्यातून पाहिलं, चष्म्यावरून पाहिलं.

"असा अंगठा सगळ्यांचा असतो?"

"नाही मॅडम. डिंकानं झालाय."

मॅडम भाऊजींकडे वळल्या. "साहेब, नियमाप्रमाणे यंत्र नुसतं बनून चालत नाही, गिऱ्हाइकाला मिळायला हवं. उद्या कोणी हे यंत्र विकत मागितलं, तर हा भाग तुम्ही सोबत देणार का?"

सगळे भाऊजींकडे पाहू लागले. त्यांनी एक 'हो' म्हटलं असतं तर संघात त्यांची मान ताठ राहिली असती. कसा देणार, कुठून आणणार, हे नंतरचं नंतर. भाऊजींनी बाहीवरचं टोपण ओढून पाहिलं. ते निघेना.

"नाही," ते म्हणाले. "तो विकायचा नाही. आमच्या घरातला आहे."

ताईंनी मान वर केली.

आठवड्यानं लेसवाल्यांना कचेरीत बोलावणं आलं. मॅडमनी अहवाल त्यांच्यापुढे ठेवला. लिहिलं होतं: "सदर प्रगत यंत्र देशात बनवण्यात आलेले आहे." हे वाक्य भाऊजींनी आपल्याकडे आलेल्या प्रतीतून आधीच मोठं छापून केबिनमध्ये लावलं होतं. त्याखालचं वाक्य त्यांनी लावलं नव्हतं. ते असं होतं: "तथापि त्याचा एक अत्यावश्यक भाग अर्जदाराच्या शरीराला जोडलेला असून, तो यंत्राचे उत्पादक श्रीयुत अध्यक्ष विकण्यास तयार नाहीत. सबब यंत्र बाजारात उपलब्ध नाही. सवलत मंजूर."

'सवलत मंजूर' हे दोन शब्द लेसवाल्यांनी इतक्या वेळा वाचले की ते पुसट वाटू लागले. यंत्र सुटणार होतं, खोली राहणार होती, गोल फिरणाऱ्या खुर्चीवर दुसरं कोणीतरी बसणार होतं. मग त्यांची नजर वर गेली. त्याचा एक भाग. म्हणजे भाऊजींच्या यंत्राचा. म्हणजे सरकारदरबारी, कायमचं.

"मॅडम, हे वाक्य जरा बदलता येईल का?"

"का? चूक आहे काही?"

"चूक नाही. पण म्हणजे, मी माणूस आहे."

"ते कोणी नाकारलेलं नाही," मॅडम गोड आवाजात म्हणाल्या. "खाली फक्त लिहायचंय, 'वरील वर्णन मला मान्य आहे', की यंत्र सुटलं."

लेसवाल्यांनी पेन उचललं. ते कागदापर्यंत गेलं आणि तिथेच थांबलं. एका ओळीखाली सही करायची म्हणून इतके दिवस आढेवेढे घेणाऱ्या भाऊजींना त्यांनी घरी बसून काय काय नावं ठेवली होती, ती सगळी आता रांगेनं त्यांच्या डोळ्यांपुढून जाऊ लागली. मागे ताटकळलेल्या माणसानं घसा खाकरला. एजंटनं खिडकीबाहेर पाहिलं.

मॅडमनी कागदावर थबकलेल्या पेनाकडे पाहिलं. मग टेबलाच्या खणातून शाईची पेटी काढली, तिचं झाकण उघडलं आणि ती अगदी नम्रपणे पुढे सरकवली.

"सही जमत नसेल, तर अंगठा चालेल."